फोनवरची निर्मलाबाई

टीव्हीतला माणूस प्रश्न विचारून श्वास घेईपर्यंत निर्मलाबाईचं उत्तर बाहेर पडलेलं असायचं. पर्याय पडद्यावर यायचे ते नंतर. हात भाकरीच्या पिठात असोत नाहीतर मिरच्यांचे देठ खुडण्यात, ‘बोला पटकन’ लागलं की ही ओट्यावरूनच ओरडायची, “लिमा! पेरू देशाची राजधानी लिमा!” आणि निघायचं लिमाच. सासू जसोदाबाई बाजेवर पडल्या पडल्या करवादायची, “माय वं, हाई टीव्हीना आधी बोलस! त्या माणूसले तरी बोलू दे.”

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर हे गुजर पाटलांचं घर. मागे केळीची बाग, पुढे कापूस, अंगणात ट्रॅक्टर. थोरले हिंमतराव, म्हणजे निर्मलाबाईचे यजमान, अगदी गरीब स्वभावाचे. कार्यक्रमाचं सुरुवातीचं संगीत वाजलं की त्यांना डुलकी लागायची. धाकटा गोपाल बोलघेवडा. आणि गोपालची बायको कामिनी. ह्या कामिनीपायी निर्मलाबाईचं काय काय झालं, तेच सांगायचंय.

निर्मलाबाई माहेरची कोरीटची. बापानं हौसेनं नंदुरबारच्या कॉलेजात घातलं, पोरगी रोज एसटीनं जायची-यायची. भूगोल घेऊन बी.ए. झाली, कॉलेजात पहिली आली. शेवटच्या वर्षी सहल गेली पचमढीला. तिथे धूपगडाच्या माथ्यावर उभं करून सरांनी सांगितलं, “पोरींनो, हे सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर. आत्ता ह्या अख्ख्या रांगेत तुमच्यापेक्षा उंच कोणी नाही.” त्या वाक्याची धुंदी तिला पुढे कित्येक दिवस होती. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. बी.एड. लग्नानंतर करू म्हणाले होते. लग्नानंतर त्या विषयाचं नाव कोणी काढलं नाही, आणि तिनं काढलं तेव्हा केळीची कापणी चालू होती.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट. आपल्याकडे धनतेरसेला पोरं सातपुड्यातल्या अस्तंभा शिखरावर यात्रेला जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा त्या डोंगरात फिरतो, तेल मागतो, म्हणतात. गोपालही गेला होता. परत आला तो पाय सुजवून आणि छाती फुगवून. “सातपुड्यामा अस्तंभाना वर काहीच नही,” तो ओसरीवर सांगत होता. नवी नवरी निर्मला चहा घेऊन आली आणि सवयीनं बोलून गेली, “नाही हो भाऊजी, अस्तंभा उंच आहे, पण सगळ्यात उंच नाही.”

पुढचं नाव सांगायला तोंड उघडलं, पण सांगू कोण देतो! गोपाल म्हणाला, “वहिनी, तुम्ही चढेल शेत का अस्तंभा?” ओसरी खो खो हसली. दीर हसले, चुलत सासरे हसले, पदराआडून जसोदाबाई हसली. हिंमतराव कसंनुसं हसले. निर्मलाबाई कपबशा उचलून आत गेली. ‘धूपगड’ हा शब्द तिनं त्या घरात पुन्हा उच्चारला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी कामिनी आली. बारावी पास, तीही काठावर. माहेर सारंगखेड्याचंच, घोड्यांच्या बाजारात लहानाची मोठी झालेली, कुणाशीही दोन मिनिटांत गट्टी. भाकर वातड झाली तरी तिचं हसू असं की जसोदाबाई तीच भाकर कौतुकानं चावायची. निर्मलाबाईची भाकर टम्म फुगायची, तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. आता फुगणारी भाकर रोजचीच, तिचं काय कौतुक! निर्मलाबाई हे मनाला समजावायची आणि समजत काही नव्हतं.

एक मात्र होतं. घरात हुशार कोण, ह्यात वाद नव्हता. कामिनीनं गोड बोलावं, नटावं, जत्रेचे व्हिडिओ काढून गावाला दाखवावेत; पण ‘बोला पटकन’ लागलं की ती गप्प. ते राज्य निर्मलाबाईचं. दर वर्षी कार्यक्रमाचे लोक मोबाईलवर प्रवेशाचे प्रश्न टाकायचे, दर वर्षी निर्मलाबाई सगळे बरोबर सोडवायची आणि दर वर्षी सोडतीत तिचं नाव निघायचं नाही. “नशीब असतं एकेकाचं,” ती म्हणायची आणि पुढच्या वर्षीची वाट बघायची.

यंदा प्रश्न सोडवायला बसली तर कामिनी मोबाईल घेऊन शेजारी टेकली. “ताई, मी भी दाबस तुम्हनासंगे. गंमत!”

निर्मलाबाई उत्तर मोठ्यानं म्हणायची, आपल्या मोबाईलवर दाबायची, कामिनी तिच्या मोबाईलवर तेच दाबायची. मध्येच हसायची. एका प्रश्नाला तर तिनं नीट वाचलंसुद्धा नाही.

आणि फोन कामिनीला आला.

निर्मलाबाई तेव्हा अंगणात पापड वाळत घालत होती. कामिनी नाचत आली, गळ्यात पडली. “ताई, मन्हा नंबर लागना! मुंबईले बलावतस!” निर्मलाबाईच्या हातातला ओला पापड मुठीत चुरगळला. तोंडानं ती म्हणाली, “अगंबाई! छान झालं.” आणि आत जाऊन देवघरापुढे उभी राहिली. हात जोडले नाहीत. देवाकडे नुसतं रागानं बघत राहिली. उत्तरं कोणाची? दाबली कोणी? आणि मुंबईला कोण चाललंय? अंगाचा नुसता तिळपापड झाला होता तिच्या.

बरं, कामिनीनं मिजास दाखवली असती तर दोन शब्द सुनावता आले असते. पण ती बया गावभर सांगत सुटली, “मन्ही काय अक्कल शे? बठ्ठं ताईनं सांगं व्हतं.” त्यानं तर आणखीच वाईट झालं. लोक म्हणायला लागले, बघा, किती साधी पोर! शेजारचा दोधू, ज्याची पिठाची चक्की घराला लागून आहे, तो दळण घेता घेता निर्मलाबाईला म्हणाला, “भाग्य लागतं वहिनी अशी जाऊ मिळायला.” निर्मलाबाईला वाटलं, ह्याचीच मान चक्कीत घालावी.

कामिनी रोज दुपारी नकाशाचं पुस्तक घेऊन बसायची. “शिकाडा ना ताई.” मग शिकवावं लागे, आणि शिकवताना निर्मलाबाई रंगूनही जाई. समुद्र, खाड्या, वारे, वाळवंटं. कामिनी मन लावून ऐकायची, चुकली की जीभ चावायची. एकदा पान उलटलं आणि सातपुडा आला. कामिनीनं बोट ठेवलं, म्हणाली, “ताई, आपला अस्तंभा सगळ्यास्मा उंच ना?”

निर्मलाबाईच्या जिभेवर उत्तर आलं. ओसरीवरचं ते हसणंही आठवलं. आणि कुठेतरी आत, खूप आत, कोणीतरी म्हणालं, एवढं एक तरी माझ्याकडे राहू दे. सगळंच काय हिला द्यायचं?

“पुढे चल,” ती म्हणाली आणि पान उलटलं.

मुंबईला कामिनीबरोबर गोपाल गेला. फोनवरून मदत करायला एक माणूस नेमायचा असतो, ते नाव अर्थातच निर्मलाबाईचं. कार्यक्रमवाल्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, त्या दुपारी फोन जवळ ठेवा, रेंज असेल तिथेच बसा. घरात रेंज कुठे फुल असते तर गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. निर्मलाबाई जरीकाठाची साडी नेसून टाकीजवळ खुर्ची टाकून बसली. फोनवर साडी दिसत नाही, हे तिला कळत होतं. तरी नेसली. खाली दोधूची चक्की घरघरत होती. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ.

तिचं मन दोन्हीकडे ओढ घेत होतं. फोन यावा, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रानं तिचा आवाज ऐकावा. आणि फोन येऊच नये, म्हणजे पोरगी पहिल्याच प्रश्नाला आपटून घरी यावी. दुपार कलली. इतका वेळ झाला म्हणजे कामिनी बरीच पुढे गेली असणार, हे लक्षात आलं तशी निर्मलाबाईला खुर्चीवर बसवेना.

फोन वाजला. सूत्रसंचालकाचा तो ओळखीचा, गोड आवाज: “निर्मलाताई, तुमच्या जाऊबाई शेवटच्या प्रश्नावर आहेत! बरोबर आलं तर चारचाकी त्यांची. अर्धा मिनिट आहे तुमच्याकडे. बोला पटकन!”

मग कामिनी, शिकवल्यासारखं शुद्ध बोलत, धाप लागलेली: “ताई, सातपुड्यातलं सर्वात उंच शिखर कोणतं? अस्तंभा, धूपगड, तोरणमाळ, वैराट.”

धूपगड!

टीव्हीच्या आधी बोलणारी निर्मलाबाई. तिच्या तोंडून शब्द निघेना.

अंगणात गाडी उभी राहील. गाडीला हार. कामिनी पुढच्या सीटवर, जसोदाबाई मागे, गावाला चक्कर. आणि निर्मलाबाई? दारात, आरतीचं ताट घेऊन. माझं शिखर होतं ते. माझं एकटीचं. तिथे मी उभी राहिलेय, ही नाही. गप्प बसले तर कोण विचारणार आहे? वेळ संपेल. नाहीतर अस्तंभा म्हणावं. जिल्ह्यातलं शेंबडं पोरही अस्तंभाच म्हणेल, मला कोण नावं ठेवेल?

“ताई?” कामिनी म्हणाली. तिच्या बांगड्या वाजल्या. “ताई, ऐकू येतंय ना?”

येत होतं. श्वाससुद्धा ऐकू येत होता.

“ताई, बोला ना…”

ह्या ‘बोला ना’त काय होतं कोण जाणे. दुपारी पुस्तक घेऊन बसायची तेव्हा कामिनी असंच म्हणायची. निर्मलाबाईनं फोन कानाशी दाबला. तिनं डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, “धूपगड.”

फोन कट.

ती कठड्याला धरून उभी राहिली. केलं एकदाचं! स्वतःचा राग आला, अभिमानही वाटला. सांगितलं शेवटी, आतलं सगळं बाजूला सारून सांगितलं. आता गाडी हिची असो, उत्तर माझं आहे, आणि ते ओसरीवर हसणारे सगळे कान उघडे ठेवून ऐकतील.

कामिनी नि गोपाल परत आले तेव्हा दोघांच्या तोंडाला कुलूप. कार्यक्रम दाखवेपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही म्हणून सही करून दिली होती म्हणे. गोपाल मान खाली घालून कापसाच्या वावरात निघून गेला. कामिनी हसली, पण निर्मलाबाईच्या डोळ्याला डोळा देईना. जिंकलेल्या माणसाला लपवणं जड जातं, असा अर्थ निर्मलाबाईनं लावला आणि पुन्हा जळली.

कार्यक्रम दाखवायच्या दिवशी देवळासमोरच्या पटांगणात मोठा पडदा लावला. अख्खं गाव सतरंज्यांवर. पाटलांच्या घराला पुढची जागा. निर्मलाबाईनं तीच जरीकाठाची साडी नेसली होती. तिला फक्त एका गोष्टीची धाकधूक होती: ती मधली शांतता. पण टीव्हीवाले कापाकापी करतात, तेवढं कापलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं.

कुठलं कापतात! त्यांना तेच हवं असतं. पडद्यावर घड्याळाचा काटा फिरायला लागला, टिक टिक, मागे धडधडतं संगीत, कामिनीचा घामेजलेला चेहरा जवळून, पुन्हा काटा, पुन्हा चेहरा. “ताई? ऐकू येतंय ना?” निर्मलाबाईला वाटलं, आता हा काटा थांबतच नाही. अगदी शेवटी तिचा आवाज आला. “धूपगड.” तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही, इतका तो चोरटा होता.

आणि मग तिनं पाहिलं. पडद्यावरची कामिनी फोनकडे बघत राहिली. प्रेक्षकांत बसलेला गोपाल तिकडून बोट वर वर करून डोंगर चढून दाखवत होता. कामिनी म्हणाली, “ताई धूपगड म्हणतात… पण मी… अस्तंभा.”

भोंगा वाजला. धूपगडवर हिरवा दिवा लागला.

म्हणजे गाडी नाही! पहिल्यांदा, खोटं कशाला बोला, निर्मलाबाईच्या मनात आनंदाची एक लाट आली. मग वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघतील. बघितलंही. पण बघणं वेगळंच होतं. दोधू मागून म्हणाला, “उत्तर माहीत व्हतं ते इतला येळ काय करी ऱ्हायनी व्हती ही?” दोन-चार माना हलल्या. जसोदाबाईनं थोरल्या सुनेकडे डोळे बारीक करून पाहिलं. निर्मलाबाईच्या कानशिलांना चटका बसला. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

कामिनी ताडकन उभी राहिली. “रेंज गयेल व्हती!” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “ताईना आवाजच येत नव्हता. आपला टॉवर कसा शे, माहीत नही का तुम्हले?”

टॉवर म्हटल्यावर काय! ज्याच्या त्याच्या मनातली मळमळ बाहेर आली. सगळे टॉवरला शिव्या द्यायला लागले. निर्मलाबाई वाचली.

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. म्हातारे रायसिंगबाबा काठी टेकत उठले आणि भरल्या आवाजात म्हणाले, “गाडी गयी ते जाऊ द्या! मुंबईमा जाईसन अस्तंभानं नाव लिधं पोरगीनी!” झालं. टाळ्या. शिट्ट्या. कोणीतरी नारळ आणला, कोणीतरी शाल. चुकीचं उत्तर देऊन आलेल्या बाईचा गावानं सत्कार केला! बायका तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. आणि बरोबर उत्तर देणारी निर्मलाबाई सतरंजीच्या कडेला. तिच्या शेजारची म्हातारी पुटपुटली, “धूपगड म्हने! मध्य प्रदेशना डोंगर. जनम आठे काढा, आन नाव तठलं.”

घरी आल्यावर दोघी जावा चुलीपाशी लागल्या. बाहेर ओसरीवर गोपाल लोकांना पुन्हा पुन्हा तीच कथा सांगत होता. निर्मलाबाई कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ मळत होती. शेवटी निर्मलाबाईलाच राहवेना.

“रेंज गयेल नव्हती, कामिनी.”

“मले माहीत शे, ताई.” कामिनी जाळ सारखा करत होती. “दोधूभाऊनी चक्कीसुद्धा फोनमा ऐकू येई ऱ्हायनी व्हती मले.”

निर्मलाबाईचे हात परातीत थांबले.

“तुम्ही कधी थांबतस का?” कामिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तोच तर त्रास होता. “टीव्हीना आधी बोलतस तुम्ही. आन त्या दिवशी थांबनात. पुस्तकमा मी अस्तंभाचं इचारं, तवय भी तुम्ही काही बोलना नहीत, पान उलटं. मले वाटनं, खरं ते अस्तंभाच शे, आन ताई मले पाडाना इचार करी ऱ्हायनी.” तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. “तुम्ही लगेच सांगं असतं ना, ते मी डोळा मिटीसन धूपगड सांगं असतं.”

निर्मलाबाईला म्हणायचं होतं, खोटं आहे, मी तुला पाडणार नव्हते. पण ते म्हणता येईना, कारण अर्ध्या मिनिटातला बहुतेक सगळा वेळ ती तेच करत होती. शब्द खरा सांगितला आणि मन आधीच ऐकू गेलं.

“मग सगळ्यांसमोर रेंजचं का सांगितलंस?”

“मंग काय सांगू? घरनी बाई शे तुम्ही.” कामिनीनं पदरानं नाक पुसलं आणि हसली. “आन मी भी तुम्हनावर भरोसा कया नही. फिट्टमफाट.” तिनं निर्मलाबाईच्या हातातली परात ओढून घेतली. “सरका, आज मी थापस. तुम्ही तो धूपगड कसा शे ते सांगा. तुम्ही दखेल शे ना?”

इतक्या वर्षांत त्या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. निर्मलाबाई पाटावर बसली. सांगायला तोंड उघडलं आणि नजर चुलीकडे गेली. तव्यावर कामिनीची भाकर वेडीवाकडी पडली होती, एका बाजूनं जळत होती. गाडी गेली तरी हिची झोप जाणार नाही, आपली मात्र जाणार. एवढं मोठं मन हिला कुठून मिळालं, आणि आपल्याला का नाही, ह्याचाच आता निर्मलाबाईला हेवा वाटत होता. बाकी सगळ्या हेव्यांपेक्षा हा जास्त जळत होता.

“उलट ती,” ती शेवटी म्हणाली. “जळाली बघ.”